तोंडं काढत बसू नका

"सर, तुमच्या माणसांना नाक-डोळे का नसतात?"

प्रश्न पद्मी मगदूमचा, पैज झैनब मुजावरची, माझं नुसतं तोंड.

"विचारलीस तर आठवडाभर तुझं दप्तर मी जिन्यावरनं वर नेतो," झैनब म्हणाली होती. (आमच्या इचलकरंजीत मुली पण 'नेतो', 'आलो', 'जातो'च म्हणतात. मराठीच्या बाईंनी कधीच हात टेकलेत.) ड्रॉइंगचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि माझं दप्तर पाच किलोचं. मी लगेच हात वर केला.

बेडकिहाळे सर फळ्यावर माणसं काढत होते. आधी अंडं, अंड्याखाली मान, मग खांदे, मग पिशवी धरलेला हात. खडू थांबला. मागच्या बाकावरून फिस्सकन हसू आलं आणि अर्ध्यातच विझलं. सर वळले नाहीत.

"कोण विचारतंय?"

"मी सर. सलोनी दिवटे."

"वेळ जातो," सर फळ्याकडेच बघत म्हणाले आणि त्यांनी पुढचं अंडं काढलं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आठवीत होते आणि शाळा सुटल्यावर चार ते साडेपाच आमची इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी चालायची. एकतीस मुलं-मुली होतो. एका पेपरात गेलं की सगळ्या परीक्षेत नापास. बाकीचे पेपर आम्हाला जड जात, पण स्मरणचित्राची भीती कुणालाच नव्हती. स्मरणचित्र म्हणजे समोर काहीही न ठेवता, आपण पाहिलेलं आठवून काढायचं चित्र. आणि ते आम्ही पाठ करायचो!

आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. सरांच्या पाच झेरॉक्स होत्या. नंबर एक भाजी मंडई, नंबर दोन नळावरची गर्दी, नंबर तीन बसस्टॉप, नंबर चार जत्रेतला फुगेवाला, नंबर पाच बागेतली मुलं. परीक्षेत कुठलाही विषय येऊ दे, पाचातली एक त्यात बसवायची. बसस्टॉपवरच्या बाईच्या हातातली पिशवी काढून घागर दिली की झाला नळ. फुगे काढून टाकले की फुगेवाला थेट पोस्टमन. आणि सगळ्यांची तोंडं कोरी. सरांचं वाक्य ठरलेलं होतं, "तोंडं काढत बसू नका. हात-पाय बरोबर आले की परीक्षकाला माणूस कळतो."

पद्धत पक्की होती. वर्गाच्या दारावर लाकडी पाटीच होती, सरांनी स्वतः रंगवलेली: 'इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा. सलग १९ वर्षे. निकाल १००%.' अक्षरं अशी की छापलेली वाटावीत. विसावं वर्ष आमचं होतं आणि ते सरांचंही शेवटचं होतं. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते.

त्या दिवशी तास सुटला, झैनबनं इमानदारीत माझं दप्तर उचललं आणि आम्ही दारापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून आवाज आला.

"दिवटे, थांब."

पद्मी माझ्या कानात म्हणाली, "मेलीस." आणि दोघी पळाल्या. माझं दप्तर घेऊन!

सर टेबलावरची खडूची पूड बोटानं गोळा करत होते. म्हणाले, "तुला काढता येतं तोंड?"

"येईल की सर. त्यात काय?"

"त्यात काय," सर माझ्यासारखंच म्हणाले. "मग सोमवारी एक काढून आण. मासिकात बघून नाही, मोबाइलमध्ये बघून नाही. माणूस समोर बसवायचा नाही. आठवून काढायचं."

"कुणाचं काढू?"

"ते पण मीच सांगू?"

रविवारी जेवणाआधी मी कागद घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. कुणाचं काढायचं हा प्रश्न एका मिनिटात सुटला होता. आईचं. सगळ्यात जास्त वेळा बघितलेलं तोंड तेच. सोपं.

अंडं काढलं. केस काढले, मधला भांग, टिकली. मग डोळे. डोळे झाले पण ते कुणाचे होते कोण जाणे, बहुतेक आमच्या किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे. खोडले. पुन्हा काढले. पुन्हा लक्ष्मी. मग म्हटलं, खुणेपासून सुरुवात करू. आईच्या ओठाखाली तीळ आहे. डावीकडे आहे का उजवीकडे?

मी पेन्सिल धरून बसून राहिले. भिंतीपलीकडं, माझ्यापासून चार हातांवर, आई भाकरी थापत होती. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तेरा वर्षं रोज बघितलेलं तोंड, आणि मला तीळ कुठल्या बाजूला ते सांगता येत नव्हतं. डोळे मिटले तर केस दिसायचे, साडी दिसायची, भाकरी फिरवणारे हात दिसायचे. मधे कोरं. सरांच्या झेरॉक्ससारखं.

मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. बघून काढायचं नव्हतं, पण काढायला नाही, नुसतं बघायला काय हरकत होती?

"काय बघालीस?" आई म्हणाली. "तोंडाला पीठ लागलंय व्हय?"

"तीळ बघतो."

"कसला तीळ?"

"ओठाखालचा."

आईनं पालथ्या मनगटानं ओठाखाली पुसलं. "तीळ कुठला आलाय? ती खूण हाय. धोटा लागलेला."

आमच्या गावात धोटा कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांना सांगते. यंत्रमागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावणारा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला लाकडाचा तुकडा म्हणजे धोटा. कधी कधी तो मागातून सुटतो आणि गोळीसारखा उडतो. माझी आई मागांच्या शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे त्या धोट्यात घालायचा दोरा गुंडाळते, आणि पप्पा त्याच शेडमध्ये जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. एवढं सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"कधी लागला?"

"तू पोटात होतीस तेव्हा. तीन टाके घातले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "वरनं पाणी फिरव की जरा, उभी हाईस तर."

मी भाकरीवर पाणी फिरवलं. खूण डावीकडे होती. जवळून बघितलं तर ती तिळासारखी मुळीच नव्हती. बारीक, जरा तिरपी, दोन टोकांना निमुळती. हसली की ती लपायची. हे पण मला माहीत नव्हतं.

सोमवारी मी चित्र सरांच्या टेबलावर ठेवलं. लाजत नाही मी सहसा, पण त्या दिवशी उलटं करून ठेवलं. सरांनी सुलटं केलं.

"ही कोण?"

"आई."

"ही आई नव्हे. ही कॅलेंडरवरची आहे." मग त्यांचं बोट ओठाखाली आलं. "हे काय?"

"धोटा लागला होता सर. मी पोटात असताना."

सरांनी कागद खिडकीकडं धरला. "मग एवढं तू काढलंयस," ते म्हणाले. "बाकीचं कुणीतरी काढलंय."

"पुन्हा काढू?"

"मला काय विचारतेस?"

आता सरांच्या या सवयीचा मला राग यायला लागला होता. सरळ हो-नाही सांगायला काय जातं? पण मी वही घेतली आणि सुटले. पुढचे दीड महिने मला नाकांनी झपाटलं. झैनबचं नाक, पद्मीचे दात, शाळेच्या रिक्षावाल्या काकांच्या भुवया, मराठीच्या बाईंचा 'मी आले म्हण, आलो नव्हे' म्हणतानाचा ओठ. आधी नीट बघायचं, मग घरी जाऊन आठवायचं. बघताना लोक बिचकतात हे मला तेव्हा कळलं. आपण एखाद्याकडं नीट बघायला लागलो की तो लगेच केस सारखे करतो आणि मग आपल्याकडं नीट बघायला लागतो. आपणच केस सारखे करायला लागतो.

"माझं नाक एवढं हाय व्हय?" झैनब भडकली.

"त्यापेक्षा जरा मोठं हाय. मी मैत्रीण म्हणून कमी केलंय."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "दे इकडं ते चित्र. अम्मीला दाखवतो. अम्मी म्हणती मी कुणासारखीच दिसत नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं केलं. पेन्सिली तासून घ्या, पाण्याला दोन डबे न्या, आणि उद्या झेरॉक्स म्हणजे झेरॉक्स. "तोंडं काढत बसू नका. दिवटे, तुलाच सांगतोय."

"होय सर."

घरी पप्पांनीही तेच सांगितलं, फक्त ओरडून. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. नवीन माणसाला वाटतं भांडण चाललंय.

"ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क जादा मिळत्यात! सात! अर्ध्या मार्कानं पोरांचा डिप्लोमा हुकतोय! मी शेडमधी सगळ्यांना सांगून ठेवलंय!"

"कशाला सांगितलंय पप्पा?"

"आँ?"

"काढतो म्हटलं बरोबर! शपथ!"

आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. बंड वगैरे काही डोक्यात नव्हतं माझ्या. मला सात मार्क हवे होते, सरांचं विसावं शंभर हवं होतं आणि संपल्यावर शाळेसमोरच्या गाड्यावरची भेळ हवी होती.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. एवढा मोठा हॉल, त्यात आम्ही एकतीस जण सलग तीन रांगांत. स्मरणचित्राला दोन तास. प्रश्नपत्रिका आली आणि तीन विषयांतला पहिलाच विषय: 'बसस्टॉपवरील दृश्य.' पिशवीची घागर करायला नको, काही नको, जशीच्या तशी झेरॉक्स नंबर तीन! पुढच्या बाकावरच्या पद्मीनं पाठीमागं हात नेऊन तीन बोटं नाचवली. आमच्या रांगेत आनंदाची एक लाटच गेली.

वीस मिनिटांत माझी पेन्सिल झाली. डावीकडे काठी धरलेला म्हातारा, त्याच्यामागे छत्रीवाला, मग पिशवीवाली बाई, मग दप्तरवाला मुलगा, शेवटी डोक्याला फेटा. पाच अंडी. उजवीकडून येणारी बस. हात इतका सरावलेला की मी काढत होते म्हणण्यापेक्षा तो काढत होता आणि मी बरोबर आले होते.

रंग भरायला ब्रश ओला केला आणि सहज मान वर केली.

पुढं पद्मीचा कागद. काठीवाला म्हातारा, छत्रीवाला, पिशवीवाली. तिरकं बघितलं तर झैनबचा. काठी, छत्री, पिशवी. तिच्यापुढचा. त्याच्यापुढचा. एकतीस बसस्टॉप, एकतीस पिशवीवाल्या, सगळ्यांचा उजवा पाय पुढं. आणि एकीलाही कुठं जायचं होतं असं वाटत नव्हतं. बस आली असती तरी कुणी चढलं नसतं.

मी माझ्या पिशवीवालीकडं बघितलं. मला वाटलं ती पण बघतेय. पण बघायला तिला डोळे कुठं होते?

खोडरबर कधी हातात आलं ते आठवत नाही. पर्यवेक्षक बाई फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या.

"अगं, छान चाललं होतं की. खोडतेस का?"

"बाई, ही कुणीच नव्हती."

बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बरी आहेस ना? पाणी देऊ?"

"नको बाई. वेळ जातो," मी म्हटलं.

आईची खूण मी सगळ्यात आधी काढली. मग तिच्या वरचा ओठ, मग ओठ जिथं दुमडतो ती रेघ, मग नाकपुडी. एकाच्या आधारानं दुसरं येत गेलं. डोळ्यांपाशी मी थांबले. लक्ष्मी यायला लागली होती. मग मला आठवलं, आई वाट बघते तेव्हा समोर बघत नाही. ती जरा खाली बघते, रस्त्याच्या कडेकडं, म्हणजे वाट बघतोय हे कुणाला कळू नये. पापण्या खाली आल्या आणि कागदावर अचानक आई. मी घाबरून इकडंतिकडं बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

पण तोंड मोठं झालं होतं. अंड्यापेक्षा दुप्पट. मग खांदे मोठे करावे लागले, मग छत्रीवाला पुसावा लागला. "शेवटची दहा मिनिटं," असं ऐकू आलं तेव्हा आईचा चेहरा आणि पदर रंगला होता. बस पांढरी होती. आकाश नव्हतंच. रस्ता नव्हता. काठीवाला म्हातारा हवेत उभा होता. घंटा झाली आणि पर्यवेक्षक बाईंनी कागद ओढून घेतला. ते चित्र मी पुन्हा कधीच बघितलं नाही. परीक्षेतले कागद परत मिळत नाहीत.

बाहेर पद्मी नाचत आली. "नंबर तीन! नाद खुळा! तुझं कसं झालं?"

"झालं," मी म्हटलं. त्या दिवशी भेळ मला गेली नाही.

निकाल जानेवारीत लागला. पद्मीला ए, झैनबला बी. यादीत तीस नावांपुढं ग्रेड होती आणि माझ्या नावापुढं एक शब्द होता. चौदा वर्षांच्या माझ्या आयुष्यात तो शब्द माझ्या नावापुढं पहिल्यांदाच आला होता. झैनबनं नुसतं माझं दप्तर उचललं. पैज केव्हाच संपली होती तरी.

मी सरांची माफी मागायला तिसऱ्या मजल्यावर गेले. दारात सर स्टुलावर चढलेले. हातात बारका ब्रश, दुसऱ्या हातात काळ्या ऑइलपेंटची डबी. पाटीवरचं '१९' तसंच होतं. त्याखाली एक नवी ओळ लिहिणं चाललं होतं.

"आलीस? बरं झालं. स्टूल धर, हलतंय."

मी स्टूल धरलं. वर बघितलं. 'विसावे वर्ष. निकाल ९६.७७%.'

"सर, सत्त्याण्णव लिहा की. तेवढंच बरं दिसेल."

"का? आहे तेवढं लिहायचं. दिसू दे." त्यांनी टक्क्याचं वरचं शून्य गोल गरगरीत केलं. "काय काढलंस?"

"आईचं तोंड."

"जमलं?"

मला रडू येत होतं. पण खोटं कसं बोलू? "जमलं सर," मी म्हटलं. "आकाश राहिलं."

सर स्टुलावरच बसले. पाय खाली सोडून, लहान मुलासारखे. ब्रश डबीच्या कडेला निपटत म्हणाले, "तू त्या दिवशी विचारलंस आणि मी म्हटलं वेळ जातो. खोटं होतं ते. कोऱ्या तोंडाला कधी नावं ठेवलेली ऐकलीस?"

"नाही."

"नावं ठेवत नाही कुणी, आणि नावही ठेवत नाही. तोंड काढलं की चुकतं. चुकलं की दिसतं. मी पण काढायचो, कॉलेजात होतो तेव्हा. एकदा प्रदर्शन होतं. माझ्या चित्रापुढं एकजण उभा राहिला आणि मला विचारलं, ही बाई आहे का म्हैस? सगळे हसले. मी पण हसलो." सर खरंच हसले. "त्यानंतर छत्तीस वर्षं अंडी."

मी स्टूल घट्ट धरलं.

"मला वाटायचं परीक्षक विषय देतो, पुस्तक पद्धत देतं, मी झेरॉक्स देतो, म्हणजे सगळं मिळालं. पोरांना काय काळजी? पण बसस्टॉपवर उभं कोण राहणार, हे कुणी देत नाही बघ. ते ज्याचं त्यानं आणायचं असतं." मग खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. "हे घे. काल दुपारी बसलो होतो."

झेरॉक्स नंबर तीन. पण तोंडांसकट! सरांनी काळ्या पेननं नाक-डोळे काढले होते आणि अगदी खरं सांगू? वाईट होते. काठीवाल्या म्हाताऱ्याचा एक डोळा कानाकडं चालला होता. छत्रीवाला नुकताच कुणीतरी चिमटा काढल्यासारखा दिसत होता. फेटेवाल्याच्या मिशा सरांच्याच होत्या. पण सगळे कुठंतरी निघाले होते. एवढं मात्र कुणीही सांगितलं असतं.

पिशवीवाली तेवढी कोरी होती.

"सर, ही राहिली."

"ती नाही राहिली. ती तुझी आहे. मी बघितलेली नाही तिला." सर स्टुलावरून उतरले. "म्हातारा कसा आलाय?"

"चकणा आलाय सर."

"आलाय ना?" सर म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा पाळी संपवून आई आणि पप्पा दोघंही आले होते. केसांत, भुवयांत कापसाची पांढरी बुरी. चहा चालला होता. मी दारातच म्हटलं, "नापास झालो."

"आँ?"

"नापास!"

"पास!" पप्पांनी कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? कुठली ग्रेड? पेढे आणतो, थांब, शेडमधी..."

"ना!" मी ओरडले. "ना! पप्पा, ना-पास! इंटरमिजिएटला मी नापास झालो!"

शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टीसुद्धा मधेच थांबल्यासारखी झाली. अख्ख्या गल्लीला निकाल कळला. पप्पांची थाप मांडीवरच राहिली.

"शपथ घेतलीस," ते हळू म्हणाले. पप्पा हळू बोलले की फार वाईट वाटतं, कारण ते त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. "सरांनी दिलेलं तेवढं काढायचं होतं की. तीस पोरं पास झाली ती काय खुळी? तू काय काढलंस?"

"आईला."

आईचा कप ओठापाशी थांबला. "मला?"

"बसस्टॉपवर."

"मला काढलीस म्हणून नापास झालीस?" तिनं कप ठेवला. पदरानं उगाच तोंड पुसलं. "एवढं वाईट हाय व्हय माझं तोंड?"

त्या शब्दापेक्षा हे जास्त लागलं. यादीतला शब्द मी गिळला होता, हे गिळता येईना. मी खाली बसले, कंपासपेटी उघडली, सरांची झेरॉक्स फरशीवर पसरली आणि पेन्सिल काढली. वर बघितलंच नाही. खूण, ओठ, दुमड, नाकपुडी. पापण्या खाली. या वेळी अंड्यात मावेल एवढंच. पाच-सहा मिनिटं लागली असतील. घरात कुणी ओरडत नव्हतं, म्हणून गल्लीच्या टोकाला शेडमधले चालू राहिलेले एक-दोन माग ऐकू येत होते.

आई वाकून बघायला लागली. पप्पाही सरकले.

"ही खूण कशाला काढलीस?" आई म्हणाली. तिचं बोट कागदाकडं निघालं आणि मधेच वळून स्वतःच्या ओठाखाली गेलं. "लोकांना वाटंल डाग पडलाय."

"हाय म्हणून काढली."

"हा धोटा..." पप्पा चित्राकडं बघत म्हणाले. "तो माग मीच चालू करून दिला होता." मग आईकडं बघितलं. चित्राकडं बघितलं. पुन्हा आईकडं. मी नाकांची वही करताना जसं बघायचे, अगदी तसं.

"काय बघता?" आईनं केस सारखे केले. "चहा गार व्हायला लागलाय."

पप्पांनी घसा साफ केला. "बरं. झालं ते झालं. पुढच्या वर्षी परत बस. पण सर देतील तेवढंच काढ. मधी तोंड घालू नको कुणाचं."

आई हसायला लागली. खूण लपली. पप्पांना आपण काय बोललो ते कळलंच नाही.

मी उभी राहिले. "पप्पा, परत बसतो. पण झेरॉक्स काढणार नाही. तोंडंच काढणार. मागच्या वेळी आकाश राहिलं, आता घड्याळ लावून सराव करतो. तरी नापास झालो तर माझ्यामुळं झालो."

पप्पांनी कानामागं हात धरला. "आँ?"

शेडमध्ये तेवढ्यात दुसरी पाळी चालू झाली होती, चोवीसच्या चोवीस माग एकदम. मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या सगळ्यांच्या वरून ऐकू जाईल अशी ओरडले,

"तोंडं काढणार म्हटलं! सगळ्यांची! आणि रांगेत पहिला नंबर तुमचा!"